ॲल्डरकोटचा नकाशा

“बाबा, शनिवारी रेवती येतेय,” अनुराग म्हणाला आणि लगेच पोळीचा तुकडा तोंडात घातला, म्हणजे पुढचं वाक्य बोलायला थोडा वेळ मिळावा.

सूर्यकांतराव हर्डीकरांनी पेपरचं पान उलटलं. वाचलेलंच पान पुन्हा समोर आलं, तरी ते त्याच्याकडे बघत राहिले.

“तिच्या ऑफिसचं गुडगावला काहीतरी आहे. तीन दिवस. शनिवारी दुपारी फ्री आहे, तर येते म्हणाली.”

“इथे?”

“हो, घरी.” अनुरागने बायकोकडे पाहिलं. “तुम्हाला नको असेल तर मी बाहेर कुठेतरी भेटेन तिला. बिल्कुल जबरदस्ती नाही.”

“मी नको म्हणालो का?”

चेतना त्यांच्यासमोर चहा ठेवत हळूच म्हणाली, “बाबा, नऊ वर्षांत तुम्ही हो पण म्हणाला नाहीत.”

सूर्यकांतरावांनी चहा घेतला, पेपरची नीट घडी केली आणि ते आपल्या खोलीत गेले. दार लावलं नाही. नुसतं लोटलं.

पलंगाखाली प्लास्टिकचा एक लांब नळा होता. ऑफिसात नकाशे ठेवायला असतात तसा. त्यांनी तो ओढून बाहेर काढला, पण उघडला नाही. मांडीवर घेऊन बसून राहिले.

चौतीस वर्षं त्यांनी केंद्र सरकारच्या एका खात्यात नकाशे काढले होते. साताऱ्याकडून एक सूटकेस आणि एक टी-स्क्वेअर घेऊन ते दिल्लीला आले, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला, आणि त्यांच्या पत्नी हेमलताताईंनी तिथेच दोन मुलं वाढवली. जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या की नवी रेघ सूर्यकांतरावांच्या हातची. ती कुणाच्या शेतातून जाते हे त्यांना कधी कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. खात्यात कॉम्प्युटर आले तेव्हा तेही शिकले, पण हाताची सवय सुटली नाही. रिटायर झाल्यावर द्वारकेच्या या सोसायटीत आले. मग मुलीचं, रेवतीचं झालं.

ती शिकायला इंग्लंडला गेली होती, नोकरीला तिथेच राहिली. एका रविवारी तिचा फोन आला, की मार्टिनशी मी रजिस्टर लग्न केलंय. विचारायला नव्हे, सांगायला. सूर्यकांतरावांना माणसाचा धर्म, रंग यांचं फारसं काही नव्हतं, निदान त्यांना स्वतःला तसं वाटायचं. पण आपल्याला आधी सांगितलं नाही, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. ते म्हणाले, “मग आता इकडे फोन करू नकोस.” चार दिवसांनी ती पुन्हा करेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. तिने आईला केला. त्यांना नाही केला.

राग वर्षभरात संपला. पण संपला हे सांगायचं कसं, ते त्यांना येत नव्हतं. घरात तिचं नाव काढायचं नाही हा नियम त्यांनीच घातलेला. आता तो मोडायचाही त्यांनीच. रोज ते उद्यावर जात राहिलं.

दुसऱ्या वर्षी एकदा हेमलताताईंनी मेतकूट आणि गोडा मसाला बांधून पार्सल तयार केलं होतं. त्यावरचा पत्ता सूर्यकांतरावांनी बायको देवळात गेली असताना उतरवून घेतला. द ओल्ड स्कूल हाउस, ॲल्डरकोट. गाव कुठे आहे एवढंच बघायचं होतं. कॉम्प्युटरवर शोधलं तर इंग्लंडच्या पश्चिमेला एक ठिपका. तीनशेसुद्धा वस्ती नाही. दुकान नाही, स्टेशन नाही. एक चर्च आणि त्याच्या हद्दीतलं शिवार. तिकडे त्याला पॅरिश म्हणतात. आपल्याकडे गावाची शीव असते, तशी त्याचीही शीव शेकडो वर्षं ठरलेली.

एवढ्या छोट्या गावात आपली मुलगी दिवसभर काय करत असेल, हा विचार त्या रात्रीपासून त्यांच्या मागे लागला.

तिकडच्या ग्रंथालयांनी जुने नकाशे कॉम्प्युटरवर ठेवले होते. एका मैलाला सहा इंच, एकेक झाड दाखवलेलं. त्यांनी सेक्टर बाराच्या झेरॉक्सवाल्याकडून ते छापून आणले, ट्रेसिंगचा कागद आणला आणि शाईची पेनं साफ केली. सात वर्षं ते काम चाललं. मधे हेमलताताई गेल्या, तेव्हा आठ महिने बंद होतं. मग पुन्हा.

*

शुक्रवारी सकाळी पार्कच्या बाकावर सुधाकर भेटले. एकाच खात्यातले, आता शेजारच्याच सोसायटीतले. नकाशाबद्दल फक्त त्यांना माहीत होतं.

“उद्या देणार मग तिला?” सुधाकरांनी विचारलं.

“देईन म्हणतो.”

“तिला कल्पना आहे, तू हे करतोयस?”

“नाही.”

सुधाकरांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. “सूर्यकांत, रागावू नकोस. नकाशाला सात वर्षं लागली. फोनला दोन मिनिटं लागली असती, यार.”

“फोनवर काय बोलायचं असतं, ते मला येत नाही.”

“आणि हे येतं?”

“हे येतं,” सूर्यकांतराव म्हणाले. मग त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. “त्या गावाची गंमत माहितीये का? चर्च शेतात एकटं उभं आहे, आणि घरं अर्ध्या मैलावर. आधी मला वाटलं नकाशाच चुकलाय. मग कळलं, जुनं गाव चर्चभोवतीच होतं. साडेसहाशे वर्षांपूर्वी प्लेग आला. जे वाचले त्यांनी ती जागा सोडली आणि रस्त्याकडेला नवी घरं बांधली. आपल्याकडे ओसाड गावाची पांढर असते ना, तशी ती जागा अजून आहे. गवताखाली उंचवटे आहेत. एकेक उंचवटा म्हणजे एकेक घर.”

“काढलेस ते?”

“सगळे. महिना गेला त्यात.”

सुधाकर हसले नाहीत. “काय सांगणार आहेस तिला उद्या?” त्यांनी विचारलं.

सूर्यकांतराव बाकावरून उठले. त्यांना वाटत होतं, नकाशा उलगडला की वेगळं काही सांगावं लागणार नाही.

*

रेवती दीड वाजता आली. केस आखूड कापलेले, कानाजवळ पांढरे. ती वाकली तेव्हा सूर्यकांतराव घाईघाईने “असू दे, असू दे” म्हणाले आणि हात तिच्या डोक्यापर्यंत जायच्या आतच ती उठली.

चेतनाने मटाराची उसळ आणि साखरभात केला होता. जेवताना हायवेवरचा ट्रॅफिक झाला, दिल्लीची हवा झाली, अनुरागचं प्रमोशन झालं. रेवतीचं मराठी तसंच होतं, फक्त मधे मधे एखाद्या शब्दासाठी ती थांबायची. भिंतीवरच्या हेमलताताईंच्या फोटोकडे तिने एकदाच बघितलं. त्या गेल्या तेव्हा विमानं बंद होती. स्मशानात अनुराग सगळा वेळ हातात फोन उभा धरून होता. पलीकडे कोण बघतंय हे सूर्यकांतरावांना समजलं होतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

ताटं उचलली गेली. ते उठले.

“तुला काहीतरी दाखवायचंय,” ते म्हणाले.

त्यांनी नळा आणला, टेबल कोरड्या फडक्याने पुसलं आणि कागद उलगडला. एका कोपऱ्यावर पाण्याचा जग, एकावर मिठाची बरणी, उरलेल्या दोनांवर अनुराग आणि चेतनाने हात ठेवले. निळा ओढा, तपकिरी उंचीरेषा, हिरवं रान, आणि अक्षरं इतकी बारीक, सरळ, की छापल्यासारखी.

रेवती वाकून बघत होती. “हे ॲल्डरकोट आहे?”

“अख्खं पॅरिश. इथून इथपर्यंत शीव.” पेन्सिलच्या मागच्या टोकाने ते दाखवू लागले. “हा ओढा. ही पाणचक्की, शंभर वर्षांपूर्वी बंद पडली. इथून रेल्वे जायची. ती आली तेव्हा गावाने बँड लावला होता, आणि ऐंशी वर्षांनी बंद झाली तेव्हा शेवटच्या गाडीत सगळं गाव बसलं होतं, पुढच्या स्टेशनापर्यंत. शेतांना नावं आहेत, बघ. हे गरिबांचं कुरण. याचं भाडं दर नाताळात गावातल्या विधवांना वाटायचे. इथे पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा खांब आहे. चौदा नावं. त्यात दोन सख्खे भाऊ, दोघंही बसऱ्याकडे गेले. आपले मराठा जवानही त्याच सुमाराला तिथेच लढत होते.”

गेल्या कित्येक वर्षांत ते एका दमात एवढं बोलले नव्हते. चेतना नकाशाकडे न बघता त्यांच्याकडे बघत होती.

“बाबा—” अनुराग म्हणाला.

“थांब रे. आणि हे लाल केलंय ना, हे तुझं घर. शाळा बांधली तेव्हा साठ मुलं होती. बंद केली तेव्हा नऊ. मग कुणीतरी विकत घेऊन त्याचं घर केलं. ओढ्यापासून जेमतेम दोनशे यार्ड. एका फेब्रुवारीत पूर आला होता ना तिकडे? दोन दिवस खालचा रस्ता पाण्याखाली होता. मी वाचलं होतं. तुमच्या घरात पाणी शिरलं होतं का?”

रेवतीने मान वर केली.

“बाबा, मी तिथे राहत नाही.”

सूर्यकांतरावांची पेन्सिल लाल चौकोनावरच राहिली.

“मी लेस्टरला असते. फ्लॅट आहे. मार्टिन आणि मी वेगळे झालो. सहा वर्षं झाली.” ती सावकाश, वाक्य संपवत बोलत होती. “तुम्ही म्हणता तो पूर मी तिथून निघाल्यावर आला असेल. मला माहीतही नाही तो.”

अनुरागने कागदावरचा हात काढला. त्याच्या बाजूचा कोपरा हळूहळू वर गुंडाळला गेला.

“तुला माहीत होतं?” सूर्यकांतरावांनी त्याला विचारलं.

“हो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तिचं नाव काढायचं नाही, असं होतं ना बाबा घरात.” अनुरागचा आवाज चढला नाही. “आणि तुम्ही खोलीत काय काढताय हे मला आज कळतंय. तुम्ही कागद झाकून ठेवायचात. आम्हाला वाटलं, ऑफिसचं जुनं काहीतरी असेल.”

सूर्यकांतराव खुर्चीवर बसले. मग त्यांनी विचारलं, “किती वर्षं होतीस तिथे?”

“अडीच. मला नाही आवडलं ते गाव. लोक वाईट नव्हते. पण दिवसाला दोन बस, आणि चार वाजता काळोख. मार्टिन कामावर गेला की मी दिवस दिवस कुणाशी बोलायची नाही. शेवटी तर त्याच्याशीही नाही.” तिने मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट केलं. “ते सोडलं तेव्हा मी आईला विचारलं होतं, थोडे दिवस घरी येऊ का. आई म्हणाली, यांना विचारते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आत्ता नको, थोडं थांब. मग मी परत नाही विचारलं.”

“कधी?”

“ऑक्टोबर होता. दिवाळीच्या आधी.”

सूर्यकांतरावांना ती संध्याकाळ लगेच आठवली. हेमलताताई दाराशी आल्या होत्या. हातात निवडायला घेतलेली मेथी तशीच होती. “अहो, रेवतीबद्दल थोडं बोलायचं होतं,” असं म्हणाल्या होत्या. तेव्हा सूर्यकांतरावांसमोर कागद पसरलेला होता आणि त्यावर ॲल्डरकोटचा ओढा अर्धा झाला होता. त्यांनी चटकन त्यावर पेपर टाकला, आपण काय करतोय हे बायकोला दिसू नये म्हणून, आणि चोरी पकडली गेल्यासारखे खेकसले, “त्या विषयावर बोलायचं नाही, ठरलंय ना?” त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि गेल्या. त्यांनी पेपर बाजूला केला. शाई पुसली गेली होती. ओढ्याचं ते वळण त्यांना पुन्हा काढावं लागलं होतं.

“तिने विचारलं नाही मला,” ते म्हणाले. “म्हणजे, विचारायला आली होती. मी विचारू दिलं नाही.”

“मला वाटलं, तुम्ही नको म्हणालात.”

“नाही.” त्यांना पुढे बोलायचं होतं, की मला विचारलं असतं तर मी ये म्हणालो असतो. पण तसं खरंच म्हणालो असतो का, याची त्यांना खात्री वाटेना, आणि खात्री नसलेली रेघ त्यांनी आयुष्यात कधी मारली नव्हती. “मी तेव्हा हेच काढत होतो,” एवढंच ते म्हणाले.

चेतना आत गेली आणि चहाचं भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला.

रेवती पुन्हा नकाशावर वाकली. वर गुंडाळलेला कोपरा तिने स्वतःच्या हाताने सपाट केला. चर्चच्या मागे बारीक बारीक रेघांनी भरलेली एक जागा होती.

“हे काय आहे?”

“ते जुनं गाव. प्लेगमध्ये उठलेलं. ते सगळे घरांचे चौथरे आहेत, गवताखाली.”

“घरं होती ती?” ती म्हणाली. “मला कुणी सांगितलंच नाही. मेंढ्या असायच्या तिथे.” तिने एका उंचवट्याजवळ बोट ठेवलं. “आमच्या घरात फोनला रेंज नव्हती. इथे वर चढून उभं राहिलं की यायची. इथूनच मी आईला फोन करायचे. थंडीत, पावसात, रोज.”

सूर्यकांतरावांनी चष्मा पुसला आणि तिचं बोट जिथे होतं तिथे पाहिलं. त्या उंचवट्याच्या बत्तीस रेघा त्यांनी भिंगाखाली मारल्या होत्या.

“काय बोलायचात?”

“काही नाही. भाजी काय केली, पाय दुखतात का, असं.” तिने बोट उचललं. “आधी मी विचारायची, बाबा घरात आहेत का. आहेत म्हणाली की मी ठेवून द्यायची. तिला त्रास नको म्हणून.”

“मी बहुतेक घरातच असायचो,” सूर्यकांतराव म्हणाले.

“हो. आई तेच म्हणायची.”

चहा आला. सगळ्यांनी तो उभ्या उभ्या घेतला. रेवतीला पाच वाजता गुडगावात मीटिंग होती. ती पर्स उचलू लागली तशी सूर्यकांतरावांनी कागद गुंडाळायला घेतला.

“तुझ्यासाठी काढला होता,” ते म्हणाले. “पण आता—”

“बाबा, खूप सुंदर आहे. खरंच. पण मला ते गाव भिंतीवर नकोय.”

“बरोबर आहे.”

“रागावलात?”

“नाही.” त्यांनी नळ्याचं झाकण लावलं. “तुझं बरोबर आहे.”

तिने त्यांचा हात धरला. बोटांवर शाईचे जुने, न जाणारे डाग होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तेवढ्या वेळात त्यांना काहीतरी बोलता आलं असतं. ते म्हणाले, “फोन करशील?”

“तुम्ही करा, बाबा,” ती म्हणाली. “आई होती तोवर मी करत होते. तो आईला लागायचा. आता तुम्ही करा. दादाकडे नंबर आहे माझा.”

*

ते तिला सोडायला खाली गेले. अनुराग येत होता, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. लिफ्टमध्ये दोघंच होते आणि सात मजले संपेपर्यंत त्यांनी फक्त विचारलं, की तिकडे फ्लॅटला हीटर नीट आहे ना. ती म्हणाली, आहे.

टॅक्सी गेटबाहेर उभी होती. रेवती बसली, काच खाली केली, “येते” म्हणाली. गाडी कोपऱ्यावरच्या मेट्रोच्या खांबांमागे जाईपर्यंत ते उभे राहिले.

“अंकल, गेस्ट गईं?” गार्डने विचारलं. जुना माणूस होता, सोसायटीत अकरा वर्षं असलेला. “टाइम लिखना था.”

“बेटी है मेरी,” सूर्यकांतराव म्हणाले.

गार्डने त्यांच्याकडे बघितलं. “अच्छा? हमें तो लगा, आपके एक भैया ही हैं.”

“सबको यही लगा होगा.”

त्यांनी हात पुढे केला, तेव्हा गार्डने रजिस्टर त्यांच्याकडे दिलं. शेवटच्या ओळीत रेवतीचं अक्षर होतं. शाळेत असताना ते डावीकडे कलायचं आणि त्यावरून ते तिला बोलायचे. अजून कलत होतं. नाव, रेवती हर्डीकर. कुठून आलात, लेस्टर. फ्लॅट सातशे दोन. आणि कुणाला भेटायचंय त्या रकान्यात तिने लिहिलं होतं, अनुराग हर्डीकर.

सूर्यकांतरावांनी ती ओळ दोनदा वाचली. मग रजिस्टर गार्डला परत दिलं.

“लिखो,” ते म्हणाले. “तीन बजकर पचास.”